शेपूट तुटलेले नाव : सल्फेटच्या जागी सल्फाइट आले त्याचे प्रकरण

मागणीच्या चिठ्ठीवर एवढेच लिहिलेले होते : ‘सोडि. सल्फ., निर्जल, २५ ग्रॅम’. लिहिणाऱ्याच्या मनात सोडियम सल्फेट होते. कपाटात वर्णानुक्रमाने लावलेल्या बाटल्यांत सोडियम सल्फाइट, सोडियम सल्फाइड आणि सोडियम सल्फेट एकमेकांना खेटून उभ्या होत्या. ‘निर्जल’ असे ठळक छापलेली पहिली बाटली सल्फाइटची निघाली आणि तीच टेबलावर आली. पांढरी भुकटी, पाण्यात चटकन विरघळणारी. डोळ्यांना फरक कळण्याचे काही कारणच नव्हते.

हे प्रकरण शिकवण्यासाठी मांडले आहे. त्यातले आकडे वाचणाऱ्याला कागदावर पडताळून पाहता यावेत, म्हणून पूर्ण दिले आहेत. घटना लहान आहे, पण ऋणायनांची, म्हणजे ऋण प्रभार असलेल्या आयनांची, नावे कशी बनतात, ती कुठे दगा देतात आणि एक-दोन अक्षरांवर किती रसायन अवलंबून असते, हे तिच्यात जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

प्रयोग काय होता

सल्फेटचे भारात्मक मापन, म्हणजे सल्फेटचा अवक्षेप (न विरघळणारा साका) पाडून त्याच्या वजनावरून सल्फेट किती ते काढणे. १.४२ ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट पाण्यात विरघळवून द्रावण बरोबर १०० मिली करायचे. सोडियम सल्फेटचे मोलर वस्तुमान (एका मोलचे ग्रॅममधले वजन) १४२.०४ असल्याने हे ०.१ मोलर द्रावण होते. त्यातले २५ मिली पिपेटने चंचुपात्रात घ्यायचे, पाणी घालून सुमारे १५० मिली करायचे, १ मिली संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे आणि उकळीच्या जवळ तापवायचे. मग ०.१ मोलर बेरियम क्लोराइडचे ३० मिली गरम द्रावण थेंबाथेंबाने, सतत ढवळत सोडायचे. अवक्षेप तासभर जलतापकावर मुरू द्यायचा, राख न उरणाऱ्या गाळणकागदातून गाळायचा, गरम पाण्याने धुवायचा. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटने दुधाळपणा येईनासा झाला की धुणे पुरे. शेवटी मूषेत (उष्णता सोसणाऱ्या छोट्या भांड्यात) सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापवून, थंड करून वजन करायचे.

हिशेब सरळ आहे. २५ मिलीमध्ये २.५ मिलिमोल सल्फेट. बेरियम सल्फेटचे मोलर वस्तुमान २३३.३९, म्हणून ०.५८३ ग्रॅम अवक्षेप हवा. बेरियम ३ मिलिमोल दिले आहे, म्हणजे थोडे जास्तच.

मूषेत आले ०.०६० ग्रॅम. अपेक्षेच्या जेमतेम एक दशांश.

आधी केलेले चुकीचे तर्क

पहिला संशय बेरियम क्लोराइडवर गेला : द्रावण पातळ असेल, जुने असेल. म्हणून दुसऱ्या २५ मिलीला दुप्पट बेरियम क्लोराइड दिले. फरक पडला नाही. दुसरा संशय गाळणकागदावर. बेरियम सल्फेटचे कण बारीक असतात आणि घाईने, थंड द्रावणात पाडले तर ते कागदातून निसटतात, ही नेहमीची अडचण आहे. पण गाळलेले पाणी काचेसारखे स्वच्छ होते. त्यात विरल सल्फ्युरिक आम्लाचे दोन थेंब टाकले तेव्हा दाट पांढरा अवक्षेप लगेच पडला. या एका चाचणीने दोन्ही संशय मिटले. गाळलेल्या पाण्यात बेरियम भरपूर शिल्लक होते, त्याला भेटायला सल्फेटच नव्हते.

तिसरा तर्क जास्त हुशारीचा होता : क्षार निर्जल नसून दहा रेणू स्फटिकजल असलेला ग्लॉबरचा क्षार असावा. तसे असते तर मोलर वस्तुमान ३२२.२ धरून १.४२ ग्रॅममध्ये ४.४१ मिलिमोल, २५ मिलीमध्ये १.१० मिलिमोल, आणि अवक्षेप ०.२५७ ग्रॅम आला असता. ०.०६० तरीही जुळत नाही. असा तर्क तोंडाने खोडण्यापेक्षा आकड्याने खोडावा. दोन मिनिटांत निकाल लागतो आणि वाद उरत नाही.

खरी खूण सगळ्यांच्या नाकासमोर होती. आम्ल घालून द्रावण तापवले तेव्हा गंधक जळताना येतो तसा घशाला झोंबणारा वास आला होता. नोंदवहीत तो ‘आम्लाचा वास’ म्हणून लिहिला गेला. हायड्रोक्लोरिक आम्लाचा वासही झोंबरा असतो, पण १५० मिली पाण्यात १ मिली आम्ल असताना तो इतका उठत नाही. सल्फेट आम्लात काहीच करत नाही, त्यातून वायू निघत नाही. म्हणजे हा वास आला त्या क्षणीच ‘हा आयन सल्फेट नाही’ हे कळायला हवे होते.

ओळख पटवणे

बाटलीतली चिमूटभर भुकटी परीक्षानळीत घेऊन विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घातले आणि हलके ऊन केले. नळीच्या तोंडाशी आम्लीकृत पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये भिजवलेला कागद धरला. नारिंगी कागद हिरवा झाला. लेड ॲसिटेटचा कागद काळा पडला नाही, म्हणून सल्फाइड नाही. द्रावण दहा मिनिटे तसेच ठेवले, पिवळसर गढूळपणा आला नाही, म्हणून थायोसल्फेट नाही. त्या आयनाला आम्ल लागले की गंधक मोकळे होऊन द्रावण दुधी-पिवळे होते. वेगळ्या नळीत क्षाराच्या द्रावणात आयोडीनचा थेंब टाकला, तपकिरी रंग क्षणात गेला. उरले सल्फाइट.

इथे एक खाच आहे आणि नवशिका तिच्यात हमखास पडतो. निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडला तर निवळी दुधाळ होते, आणि ‘कार्बोनेट’ असे लिहून मोकळे होता येते. पण सल्फर डायऑक्साइडही निवळी दुधाळ करतो. कार्बोनेट आणि सल्फाइट वेगळे करायचे तर वायू आधी आम्लीकृत डायक्रोमेटमधून न्यावा लागतो. तिथे सल्फर डायऑक्साइड अडतो आणि कार्बन डायऑक्साइड पुढे जातो.

दुसरी चाचणी या प्रकरणाचा गाभा आहे. क्षाराच्या साध्या, आम्ल न घातलेल्या द्रावणात बेरियम क्लोराइड टाकले. दाट पांढरा अवक्षेप पडला, अगदी सल्फेटला पडतो तसा. मग विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून हलवले. अवक्षेप भराभर विरघळत गेला, वास उठला, आणि शेवटी नळीत एक फिकट, न जाणारी धूसर छटा राहिली. आणखी आम्ल घातले तरी ती गेली नाही. त्या छटेवरून कोणी ‘आम्लात न विरघळणारा पांढरा अवक्षेप, म्हणजे सल्फेट’ असा निष्कर्ष काढला असता तर पाठ्यपुस्तकातल्या वाक्याप्रमाणे तो चुकीचाही ठरला नसता. सल्फेट तिथे खरेच होते. फक्त ते मुख्य आयन नव्हते.

ते आले कुठून? हवेतून. सल्फाइटला एक ऑक्सिजन कमी असतो आणि तो घ्यायला ते टपलेले असते. बाटलीचे झाकण उघडले, दमट हवा आत गेली, की हळूहळू सल्फाइटचे सल्फेट होत जाते. बाटलीवरचे नाव तेच राहते, आतला आयन आपले नाव बदलत जातो. त्यामुळे उघडून ठेवलेल्या सल्फाइटमध्ये थोडे सल्फेट मिळणारच असे धरून चालावे.

किती, हे दोन वाटांनी काढता आले. पहिली वाट मूषेतली : ०.०६० ग्रॅम बेरियम सल्फेट म्हणजे ०.२५७ मिलिमोल सल्फेट, म्हणजे ३६.५ मिलिग्रॅम सोडियम सल्फेट. २५ मिलीमध्ये क्षार होता ३५५ मिलिग्रॅम. प्रमाण १० टक्क्यांच्या थोडे वर.

दुसरी वाट आयोडीनची. ०.०५ मोलर आयोडीनचे २५ मिली द्रावण आम्लीकृत करून शंकूपात्रात घेतले आणि त्यात क्षाराचे १० मिली द्रावण पिपेटचे टोक द्रावणात बुडवून सोडले. उरलेले आयोडीन ०.१ मोलर सोडियम थायोसल्फेटने, पिष्टमयाचा दर्शक वापरून मोजले. ब्युरेटवर ४.८ मिली लागले. म्हणजे आयोडीन उरले ०.२४ मिलिमोल. घेतले होते १.२५, म्हणून सल्फाइटने खाल्ले १.०१ मिलिमोल. सोडियम सल्फाइटचे मोलर वस्तुमान १२६.०४, म्हणजे १२७ मिलिग्रॅम. १० मिलीमध्ये एकूण क्षार १४२ मिलिग्रॅम होता, तेव्हा सुमारे १५ मिलिग्रॅम सल्फाइट नसलेले. पुन्हा १० टक्क्यांच्या आसपासच.

या मोजणीत क्रम उलटा करू नये. सल्फाइटच्या द्रावणात आधी आम्ल घालून मग वरून आयोडीन सोडले, तर मोजायच्या आधीच सल्फर डायऑक्साइड उडून जातो आणि सल्फाइट कमी भरते. सल्फाइट नेहमी आयोडीनमध्ये घालावे, आयोडीन सल्फाइटमध्ये नव्हे.

आणि आम्ल आधी घातले नसते तर?

हा प्रश्न विचारल्याशिवाय प्रकरण पुरे होत नाही. आम्ल न घालता बेरियम क्लोराइड दिले असते, तर २५ मिलीमधले सुमारे २.५३ मिलिमोल सल्फाइट बेरियम सल्फाइट म्हणून खाली बसले असते. त्याचे मोलर वस्तुमान २१७.३९, म्हणून वजन ०.५४९ ग्रॅम. त्यात ०.०६० ग्रॅम बेरियम सल्फेट मिळवा : ०.६०९ ग्रॅम. अवक्षेप मूषेत लाल होईपर्यंत न तापवता नुसता वाळवून तोलला असता, तर अपेक्षित ०.५८३ पेक्षा साडेचार टक्केच जास्त भरला असता. बेरियम सल्फाइट पाण्यात थोडेसे विरघळते, त्यामुळे धुताना काही अंश गेला असता आणि आकडा उत्तराच्या आणखी जवळ सरकला असता. ‘नीट धुतले गेले नाही’ असा शेरा मारून तो स्वीकारलाही गेला असता.

म्हणजे चुकीच्या क्षाराने जवळजवळ बरोबर उत्तर दिले असते. कृतीत ‘१ मिली आम्ल’ लिहिलेले असते ते केवळ कण मोठे व्हावेत म्हणून नव्हे. बेरियमशी पांढरा अवक्षेप देणारे कार्बोनेट, फॉस्फेट आणि सल्फाइट हे तिन्ही आम्लात टिकत नाहीत, सल्फेट टिकते. आम्ल हा इथला पहारेकरी आहे. त्याने या प्रकरणात आपले काम चोख केले. वाचणारा मात्र चुकला.

नावात अर्थ कुठे राहतो

आपण मराठीत शब्द तोडतो तेव्हा शेवट सोडतो. ‘दि.’, ‘क्र.’, ‘रु.’. सुरुवात ठेवली की उरलेले वाचणारा भरून घेतो, आणि बहुतेक शब्दांना ते चालते. ऋणायनांच्या नावांना ते चालत नाही. ‘सल्फ’ एवढ्यातून फक्त गंधक आहे हे कळते. तो गंधक एकटा आहे, की तीन ऑक्सिजन घेऊन आहे, की चार, हे सगळे शेवटच्या ‘आइड’, ‘आइट’, ‘एट’ यात असते. चिठ्ठीतल्या एका टिंबाने नेमका तोच भाग खाल्ला.

‘आइड’ म्हणजे मूलद्रव्य एकटेच इलेक्ट्रॉन घेऊन ऋण झाले : क्लोराइड, ऑक्साइड, सल्फाइड, नायट्राइड. ‘एट’ आणि ‘आइट’ म्हणजे ते ऑक्सिजनच्या सोबतीने आले आहे. ‘एट’मध्ये ऑक्सिजन जास्त, ‘आइट’मध्ये एक कमी. ‘आइड’च्या नियमाला अपवाद थोडे आहेत, पण रोजच्या वापरातले आहेत : हायड्रॉक्साइड, सायनाइड, पेरॉक्साइड, अझाइड. यांत एकाहून जास्त अणू असूनही शेपूट ‘आइड’चे. हे पाठच करावे लागतात.

‘एट’ आणि ‘आइट’ ही शेपटे १७८७ सालची आहेत. त्या वर्षी पॅरिसमध्ये गितों द मोर्वो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फूरक्रुआ या चौघांनी रसायनांना पद्धतशीर नावे द्यायची रीत मांडली. तिच्यात आम्लाचे नाव आणि त्याच्या क्षाराचे नाव एकमेकांना बांधले गेले. ‘इक’ आम्लाचा क्षार ‘एट’, ‘अस’ आम्लाचा क्षार ‘आइट’. सल्फ्युरिक आम्लावरून सल्फेट, सल्फ्युरसवरून सल्फाइट. नायट्रिकवरून नायट्रेट, नायट्रसवरून नायट्राइट. आज ज्यात ऑक्सिजन नसतो असे आपण जाणतो, त्या हायड्रोक्लोरिकचा क्लोराइड, हायड्रोसल्फ्युरिकचा सल्फाइड. ज्याला आम्लांची नावे येतात त्याला ऋणायनांची निम्मी नावे आपोआप येतात. शिकवताना हा धागा सोडून नुसते तक्ते पाठ करून घेणे म्हणजे मुलांवर दुप्पट ओझे टाकणे आहे.

पण या शेपटांत एक मर्यादा पक्की रुतलेली आहे. ती ‘जास्त’ आणि ‘कमी’ एवढेच सांगतात, ‘किती’ ते सांगत नाहीत. ‘एट म्हणजे चार’ असा समज सल्फेट आणि फॉस्फेटवरून होतो. नायट्रेटमध्ये तीन, कार्बोनेटमध्ये तीन, क्लोरेटमध्येही तीनच. आवर्तसारणीकडे पाहिले तर थोडी शिस्त दिसते. दुसऱ्या आवर्तातले कार्बन आणि नायट्रोजन लहान, त्यांच्याभोवती तीन ऑक्सिजन मावतात. तिसऱ्या आवर्तातले फॉस्फरस आणि गंधक चार घेतात. क्लोरीनही चार घेतो, पण तीन ऑक्सिजनवाल्याला ‘क्लोरेट’ हे नाव आधीच मिळून गेले होते. चारवाले नंतर आले, म्हणून त्याला ‘पर’ जोडून परक्लोरेट करावे लागले. खालच्या टोकाला ‘हायपो’ : हायपोक्लोराइट एक ऑक्सिजन, क्लोराइट दोन, क्लोरेट तीन, परक्लोरेट चार. चौघांवरही प्रभार एकच ऋण.

‘पर’वर आंधळा विश्वास ठेवू नये. मँगनेट आणि परमँगनेट दोघांतही ऑक्सिजन चारच आहेत. फरक मँगनीजच्या ऑक्सिडीकरण अंकाचा, म्हणजे त्या अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले असे धरायचे त्या आकड्याचा : मँगनेटमध्ये +६ आणि प्रभार २−, परमँगनेटमध्ये +७ आणि प्रभार १−. ‘बाय’चेही तसेच. बायसल्फेट म्हणजे दोन सल्फेट नव्हेत, एक हायड्रोजन धरून बसलेले सल्फेट. आता त्याला हायड्रोजन सल्फेट म्हणतात आणि तेच बरे. ‘थायो’ म्हणजे एका ऑक्सिजनच्या जागी गंधक. थायोसल्फेट हे सल्फेटच, फक्त चारपैकी एक ऑक्सिजन जाऊन तिथे गंधक बसलेले.

या प्रकरणात संयुजेच्या तक्त्यानेही वाचवले नसते, हे ध्यानात घ्यावे. सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट, थायोसल्फेट या चारही आयनांवर प्रभार २−. चौघेही दोनच सोडियम घेतात. संयुजेची तिरकी फुली मारून सूत्र लिहिणाऱ्याला चारही क्षार सारखेच ‘बरोबर’ दिसतात. फरक गंधकाच्या आत आहे : सल्फाइडमध्ये −२, सल्फाइटमध्ये +४, सल्फेटमध्ये +६. +६ च्या पुढे गंधकाला जाता येत नाही, म्हणून सल्फेट हवेत शांत राहते, आयोडीनकडे ढुंकून पाहत नाही, आम्लात वायू सोडत नाही. +४ वाल्याला अजून चढायला जागा आहे, म्हणून ते आयोडीनचा रंग घालवते, परमँगनेट फिके करते आणि बाटलीतल्या हवेलाही सोडत नाही. दोन अक्षरांचा हा अर्थ.

पुढच्या अर्ध्या नावाचे काय

धनायन या घोटाळ्यात सुटला, कारण तो सोडियम होता. सोडियम एकच प्रभार घेतो, १+, म्हणून त्याच्या नावात काही सांगण्यासारखे नाही. जुना तपशील म्हणून एवढे : ‘आयन’, ‘कॅटायन’, ‘ॲनायन’ ही नावे १८३४ मध्ये मायकेल फॅरडे यांनी विल्यम व्हेवेल यांच्या सल्ल्याने रूढ केली. ग्रीकमध्ये त्यांचा अर्थ ‘जाणारा’, ‘खाली जाणारा’, ‘वर जाणारा’. प्रभाराचा त्यात उल्लेखच नाही. मराठीतले धनायन आणि ऋणायन यापेक्षा उघड बोलतात.

त्याच कपाटात, दोन फळ्या खाली, फेरस सल्फेट आणि फेरस सल्फाइड होते. तिथे ‘फेर. सल्फ.’ अशी चिठ्ठी गेली असती तर नावाची दोन्ही टोके तुटली असती. फेरस म्हणजे लोहाचा २+, फेरिक म्हणजे ३+. इथेही ‘अस’ आणि ‘इक’ कमी-जास्तच सांगतात. क्युप्रस १+ आहे, क्युप्रिक २+, स्टॅनस २+, स्टॅनिक ४+. म्हणजे ‘अस’ पाहून आकडा सांगता येत नाही, मूलद्रव्य माहीत असावे लागते. ही अडचण ओळखून आल्फ्रेड श्टोक यांनी १९१९ मध्ये ऑक्सिडीकरण अंक नावाला जोडून कंसात रोमन आकड्याने लिहायची सूचना केली. फेरस सल्फेट हे त्या रीतीने ‘आयर्न(दोन) सल्फेट’. कंसातला आकडा लोहाचा अंक आहे, लोहाच्या अणूंची संख्या नव्हे. ही गल्लत सर्रास होते, विशेषतः ‘आयर्न(तीन) ऑक्साइड’ वाचताना, कारण त्यात लोहाचे अणू दोन आणि ऑक्सिजनचे तीन असतात. मर्क्युरस हा आणखी वेगळा : तो एकटा अणू नसून पाऱ्याच्या दोन अणूंची जोडी आहे, जोडीवर मिळून २+.

फेरस सल्फेटऐवजी फेरस सल्फाइड आले असते आणि त्यावर आम्ल पडले असते तर हायड्रोजन सल्फाइड निघाला असता. किपच्या उपकरणात तो मुद्दाम याच जोडीतून बनवतात. हा वायू विषारी आहे, आणि प्रमाण वाढले की नाक त्याचा वास ओळखणेच सोडून देते, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला असे कोणी धरू नये. सोडियम सल्फाइट आले हे त्या मानाने नशीब. सल्फर डायऑक्साइडही दम्याच्या रुग्णाला त्रास देतो, म्हणून अशा वासाची शंका आली की पात्र धूरकपाटात न्यावे आणि नळीत नाक घालून खात्री करू नये.

याच जातीच्या इतर जोड्या याहून वाईट आहेत. सोडियम नायट्रेट आणि नायट्राइट : नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन करते आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटवते. पोटॅशियम क्लोराइड आणि क्लोरेट : पहिला निरुपद्रवी क्षार, दुसरा गंधक किंवा साखरेसोबत घासला गेला तरी भडकणारा ऑक्सिडीकारक, आणि संहत सल्फ्युरिक आम्ल पडले तर स्फोटक. कानाने ऐकताना ‘क्लोराइड’ आणि ‘क्लोराइट’ यांत शेवटच्या ड आणि ट यांचाच फरक असतो. फोनवर तो टिकत नाही, आणि घाईच्या अक्षरात ड चे वळण अर्धवट राहिले की ट होतो. ‘आयट’, ‘आईट’, ‘आइट’ असे लेखनही बाटलीगणिक बदलते, त्यामुळे नजरेला एक ठरलेला आकार सापडत नाही.

दुरुस्ती

चिठ्ठीवर नाव तोडायचे नाही, हा पहिला नियम झाला. पण खरा पहारा दुसऱ्या नियमाने बसला : नावाशेजारी मोलर वस्तुमान लिहायचे. ‘सोडियम सल्फेट, निर्जल, १४२.०४’. सल्फाइट १२६.०४, निर्जल सल्फाइड ७८.०४, नऊ रेणू पाण्याचे सल्फाइड २४०.१८. अक्षरे चुकू शकतात, सारखी दिसू शकतात. या आकड्यांतले कोणतेही दोन एकमेकांच्या जवळ नाहीत, आणि स्फटिकजलाचा घोटाळाही त्याच आकड्यात पकडला जातो. बाटली उचलणाऱ्याने चिठ्ठीवरचा आकडा बाटलीवरच्या आकड्याशी लावून पाहायचा. रसायन कळण्याची गरज नाही.

तोंडी मागणी करताना ऑक्सिजन मोजून सांगायचा : ‘सल्फेट, चार ऑक्सिजनवाले’. ऐकायला बाळबोध वाटते, पण फोनवर हेच टिकते.

फळीवरची रचनाही बदलली. वर्णानुक्रम सोडून ऑक्सिडीकारक, क्षपणक (सल्फाइटसारखे ऑक्सिजन ओढून घेणारे) आणि निरुपद्रवी क्षार वेगळे केले. सल्फाइट आणि सल्फाइड एका बाजूला गेले, सल्फेट दुसऱ्या, नायट्रेट आणि क्लोरेट तिसऱ्या. सल्फाइटच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिली.

आणि मापनाला बसण्याआधी एक मिनिटाची चाचणी ठेवली. क्षाराची चिमूट २ मिली पाण्यात, त्यात फिकट आयोडीनचा एक थेंब. सल्फेट असेल तर रंग राहतो. गेला तर बाटली परत.

उरलेले सल्फाइटचे द्रावण नाल्यात ओतले नाही, आणि त्यात आम्लही घातले नाही. आम्लाच्या टाकाऊ भांड्यात ते गेले असते तर पुन्हा वायूच निघाला असता. धूरकपाटात, द्रावण आम्लारिधर्मी ठेवून, हायड्रोजन पेरॉक्साइडचे विरल द्रावण थोडेथोडे घालत सल्फाइटचे सल्फेट केले. ही क्रिया उष्णता देते, म्हणून एकदम ओतायचे नाही. पोटॅशियम आयोडाइड आणि पिष्टमयाच्या कागदावर द्रावणाचा थेंब ठेवून त्याला आम्लाचा थेंब लावला. निळा डाग उठला. पेरॉक्साइड शिल्लक आहे, म्हणजे सल्फाइट संपले.

दुसऱ्या दिवशी ‘१४२.०४’ लिहिलेल्या चिठ्ठीने बाटली आली. आयोडीनचा थेंब तपकिरीच राहिला. आम्ल घालून तापवताना वास आला नाही. बेरियम क्लोराइडचा पहिलाच थेंब पडला तिथे पांढरा ढग उमटला आणि ढवळूनही गेला नाही. मूषेत ०.५८० ग्रॅम भरले.